ॲडोबी वॉल्स : दोन शिळा आणि न मोजलेला कळप

आपल्याकडे गावाच्या वेशीजवळ किंवा जुन्या देवळाच्या आवारात वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर, वर लढाई, त्याहून वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि माथ्याशी चंद्रसूर्य. पुष्कळ वीरगळांवर गाईही कोरलेल्या असतात. गावाचं गोधन सोडवताना हा मेला, एवढं त्यावरून अक्षर न वाचताही कळतं. अशा दगडांच्या नोंदी करत मी बरीच वर्षं हिंडलो. त्यामुळे टेक्ससला मुलीकडे गेलो असताना, उत्तरेकडच्या माळरानात एका छोट्या लढाईच्या दोन शिळा आहेत असं समजल्यावर मला राहवलं नाही.

त्या जागेचं नाव ॲडोबी वॉल्स. स्टिनेट गावाच्या ईशान्येला, कॅनेडियन नदीच्या उत्तरेस ही जागा आहे. चहूकडे गुरांची कुरणं. गाव नाही, दुकान नाही. ॲडोबी म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा. १८४०च्या दशकात बेंट आणि सेंट व्रेन या व्यापाऱ्यांनी इथे तशा विटांची वखार बांधली होती. आदिवासींशी व्यापार जमेना, म्हणून ती लवकरच सोडून दिली. उरलेल्या पडक्या भिंतींवरून जागेला नाव पडलं. नोव्हेंबर १८६४मध्ये किट कार्सन चारशेच्या आसपास माणसं आणि दोन तोफा घेऊन इथे आला. कायोवा आणि कोमांची योद्धे एवढ्या संख्येने समोर आले, की एक वस्ती जाळून त्याला माघार घ्यावी लागली. ही पहिली लढाई. शिळा आहेत त्या दुसरीच्या.

दुसरीचं मूळ एका करारात आणि एका बाजारात आहे. ऑक्टोबर १८६७मध्ये मेडिसिन लॉज इथे झालेल्या करारांनी आदिवासींना आर्कान्सा नदीच्या दक्षिणेस शिकारीचा हक्क दिला, तोही बायसन पुरेसे आहेत तोवरच. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा लांबचा भाऊबंद. कोमांची आणि शायान लोकांचं अन्न, पांघरूण, तंबू, सगळं त्याच्यावर चालायचं. १८७१च्या सुमारास त्याचं कातडं कारखानदारीच्या चामड्यासाठी कमावण्याची रीत बसली. यंत्रांच्या पट्ट्यांसाठी मागणी वाढली आणि आर्कान्साच्या उत्तरेचे कळप दोनतीन वर्षांत संपत आले. मग शिकारी दक्षिणेकडे वळले आणि त्यांच्या मागोमाग डॉज सिटीचे व्यापारीही आले.

मार्च १८७४मध्ये जुन्या भिंतींपासून मैलभरावर नवी वस्ती उभी राहिली : दोन दुकानं, एक दारूचा गुत्ता, एक लोहाराचं दुकान. नाव जुनंच राहिलं, पण भिंती विटांच्या नव्हत्या. काही लाकडी मेढींच्या होत्या, तर काही गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांच्या.

२७ जूनच्या पहाटे तिथे २८ पुरुष आणि एक बाई होती. मध्यरात्रीनंतर गुत्त्याचं आढं कडाडल्याचा आवाज झाला. माणसं उठून छताला टेकू देऊ लागली, म्हणून उजाडताना बरेच जण जागे होते. हल्ला करणाऱ्यांत कोमांची, शायान आणि कायोवा होते. गोऱ्यांच्या अंदाजाने ते सातशे होते. पुढाकार होता तरुण क्वाना पार्करचा आणि इसाटाई नावाच्या देवऋषीचा. आपल्या मंतरलेल्या रंगाने गोळी लागणार नाही, असं त्याने सांगितलं होतं. बायसनच्या बंदुकांपुढे तो रंग टिकला नाही. बाहेर गाडीत झोपलेले दोघे भाऊ आणि आणखी एक जण, असे तिघे वस्तीतले मेले. योद्धे कितीतरी जास्त पडले. भिंतींजवळ पडलेल्यांची मुंडकी कापून कुंपणाच्या खुंटांवर लावली गेली.

दोनतीन दिवसांनी बिली डिक्सन या शिकाऱ्याने दूरच्या टेकाडावरचा एक घोडेस्वार टिपला. ते अंतर पुढे १,५३८ यार्ड, म्हणजे सुमारे १.४ किलोमीटर भरलं. नेम निव्वळ योगायोगाने लागला, असं डिक्सन स्वतः सांगे. तरी आज या जागेचं नाव काढलं, की लोक पहिल्यांदा ती गोळी सांगतात. ऑगस्टमध्ये वस्ती ओस पडली आणि नंतर आदिवासींनी ती जाळली.

पहिली शिळा १९२४ची, पन्नासाव्या वर्षाची. सातशे योद्ध्यांचा पराभव करणाऱ्या २८ शूरांचा तिच्यावर गौरव आहे आणि नावंही आहेत. पुढे याच परिसरात घर करून पोस्टमास्तर झालेल्या डिक्सनच्या अस्थी १९२९मध्ये इथेच आणून पुरल्या. दुसरी शिळा १९४१ची, शायान आणि कोमांची योद्ध्यांच्या नावांची. ती उभी राहायला ६७ वर्षं लागली. मी दोन्हींपुढे सारखाच वेळ उभा राहिलो. दोन्हींवर माणसं आहेत. ज्याच्यासाठी ती एकमेकांवर धावून गेली, ते जनावर मात्र एकीनेही मोजलेलं नाही.

माझ्या मते ही चूक लहान नाही. बायसन वगळला, की ॲडोबी वॉल्स ही घेरलेल्या मूठभरांच्या धीराची गोष्ट होते. बायसन परत आणला, की हीच कातड्यांची वखार ठरते आणि हल्ला करणारे आपलं गोधन सोडवायला आलेले दिसतात. वखारीतल्यांचा धीर खरा होता, हे नाकारण्याचं कारण नाही. पण आपल्या पाथरवटाला या लढाईचा वीरगळ कोरायला सांगितला असता, तर जनावर त्याने आधी कोरलं असतं.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. या हल्ल्यानंतर सैन्य उतरलं. २८ सप्टेंबर १८७४ला पालो ड्युरो दरीत कर्नल मॅकेन्झीने आदिवासींच्या छावण्या जाळल्या आणि पकडलेले हजाराच्या आसपास घोडे गोळ्या घालून मारले. घोडे गेले, हिवाळ्याची बेगमी गेली. जून १८७५मध्ये क्वाना फोर्ट सिलला शरण आला. १८७०चं दशक संपेतो दक्षिणेचा कळपही संपला.

संपला, पण अगदी पूर्ण नाही. १८७८मध्ये चार्ल्स गुडनाइट या पशुपालकाने, बायको मेरी ॲनच्या आग्रहावरून, काही वासरं वाचवली. त्यांचा वंश आज कॅपरॉक कॅनियन्सच्या राज्य उद्यानात चरतो. परतीच्या वाटेवर वळसा घालून मी तिथे गेलो. रस्त्यालगत एक मादी आणि तिचं तांबूस वासरू उभं होतं. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, फोटो काढू?’’ मी म्हटलं, काढ. वीरगळांच्या माझ्या वहीत ॲडोबी वॉल्सच्या दोन शिळांच्या नोंदीखाली तो फोटो चिकटवला आहे.