बंदराचे दोन दरवाजे

१/ गेल्या रविवारी आजी, आईबाबा आणि रत्नागिरीहून आलेला धाकटा मामेभाऊ यांच्यासह मुंबई पाहण्याचा बेत केला. मामेभावाला गेटवे पाहायचा होता. आजीला गोदी पाहायची होती, कारण तिचे वडील तेथे हमाली करीत असत. बंदराच्या या दोन दरवाजांचा हा धागा.

२/ प्रथम गेटवे. २ डिसेंबर १९११ रोजी राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, त्या घटनेचे हे स्मारक. मात्र राजा उतरला तेव्हा ही कमान अस्तित्वातच नव्हती! जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि उद्घाटन झाले ४ डिसेंबर १९२४ रोजी.

३/ याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी मायदेशी निघाली. मामेभावाने छायाचित्रे काढली, आम्ही चणे घेतले. आजीने विचारले, "गोदी कधी?"

४/ बंदराचा खरा व्यवहार जिथे चाले, तो दरवाजा उत्तरेला आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईचा व्यापार वाढला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला आणि त्यापाठोपाठ व्हिक्टोरिया डॉक.

५/ बॅलार्ड इस्टेटवरून आम्ही पी. डिमेलो रस्त्याला लागलो. पूर्वीचा हा फ्रियर रोड, आता गोदी कामगारांच्या पुढाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. परवान्याशिवाय गोदीत प्रवेश नाही. पहारेकऱ्याने नम्रपणे हात जोडले. आजी भिंतीपाशीच उभी राहिली.

६/ याच भिंतीमागे १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी आणि १२४ सोन्याच्या विटा. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचे लाल निशाण युद्धाच्या धामधुमीत लावलेले नव्हते.

७/ दुपारी कापसाने पेट घेतला. बंबवाले पाणी मारीत राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादऱ्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले.

८/ युद्धकाळ असल्याने सरकारने बातमी दडपली. जगाला ती प्रथम कळली जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओवरून. मृतांचा आकडा आजही ८०० ते १,३०० असा सांगितला जातो.

९/ मामेभावाचा प्रश्न स्वाभाविक होता: "आजी, तुझ्या वडिलांना सोन्याची वीट मिळाली का?" आजी हसली. "वीट कुठली रे! तापाने फणफणले होते म्हणून त्या दिवशी खोलीवरच होते, म्हणून वाचले. त्यांची टोळी मात्र कामावर गेली होती. दरवर्षी त्या तारखेला ते संध्याकाळचे जेवत नसत."

१०/ मग ती माझ्याकडे वळली: "तू इतिहास शिकतेस ना? त्या आकड्यात बाबांच्या टोळीतली माणसे धरली आहेत का गं?"

११/ उत्तर मला त्या आकड्यातच दिसले. ८०० आणि १,३०० यांच्यामध्ये ५०० माणसे आहेत. गोदीतले बरेच मजूर तेव्हा टोळीवाल्यामार्फत रोजच्या रोज कामाला लावले जात. त्यांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा आला १९४८ मध्ये. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याला मृतांच्या यादीत शोधायचे कसे?

१२/ राजाच्या एका आगमनाची तारीख कमानीवर दगडात कोरलेली आहे. रोज सकाळी गोदीत शिरणाऱ्यांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी उरली आहेत. आजीला आठवली ती तीन नावे त्या संध्याकाळी लोकलमध्ये मी वहीत उतरवून घेतली.

१३/ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात हुतात्मा जवानांचे स्मारक आहे. तुमच्या घरी कोणी गोदीत, गिरणीत वा रेल्वेत राबले असेल, तर या सुट्टीत त्यांना सोबत्यांची नावे विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा.