संत गोन्सालो गार्सिया : ५ फेब्रुवारीचे बलिदान, ६ फेब्रुवारीचा सण

ख्रिस्ती दिनदर्शिकेत संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनी येतो. संताचा मृत्यू म्हणजे त्याचा स्वर्गातील जन्म, ही त्यामागची श्रद्धा. भारतात जन्मलेले पहिले संत गोन्सालो गार्सिया यांचा सण मात्र एक दिवस उशिरा येतो.

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास पोर्तुगीज अमलाखालील वसईत झाला. वडील पोर्तुगीज, तर आई स्थानिक होती, असे मानले जाते. जेझुइट धर्मगुरूंसोबत ते तरुणपणीच जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि पुढे व्यापारात स्थिरावले. मात्र व्यापार सोडून त्यांनी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्या शिष्टमंडळाचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले.

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता; त्याची अंमलबजावणी मात्र सैल होती. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले, त्यावरील माल जप्त झाला आणि मिशनरी हे स्पेनच्या आक्रमणाचे अग्रदूत असल्याचा संशय बळावला. क्योटो व ओसाका येथे धरपकड झाली. कैद्यांच्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. तेथील निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत २० जपानी, ४ स्पॅनिश, १ मेक्सिकोचा आणि १ वसईचा होता. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा १२ वर्षांचा होता.

पोप अर्बन आठवे यांनी १६२७ मध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित केले. पोप पायस नववे यांनी ८ जून १८६२ रोजी संतपद बहाल केले. मात्र ५ फेब्रुवारी हा सिसिलीच्या हुतात्मा संत अगाथा यांचा पुरातन सण. त्यामुळे रोमन दिनदर्शिकेत या २६ जणांना ६ फेब्रुवारी मिळाला. जपानमध्ये तो ५ फेब्रुवारीलाच पाळला जातो.

दिनदर्शिकेतील नोंद ‘संत पॉल मिकी व सहकारी’ अशी आहे. वसईच्या या सुपुत्राचे नाव त्या ‘सहकारी’ शब्दात दडले आहे. वसईकरांनी मात्र ते चर्च व महाविद्यालयाला देऊन जपले आहे.