जुन्या गाडीचा टेललाइट मंद का होतो आणि त्यात धोका काय?

गोंदिया तालुक्यातील कामठा परिसरात धान कापणीच्या दिवसांत अंधार लवकर पडतो आणि पुढे थंडीत पहाटे धुकं असतं. गावाबाहेरच्या रस्त्यावर जुनी ॲम्बेसेडर, पद्मिनी किंवा जीप चालली असेल, तर मागच्या वाहनाला तिची खूण म्हणजे दोन लहान लाल ठिपके. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे सरकते. चालकाच्या लक्षात येऊन ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी ३३ मीटर संपले. थांबायला आणखी तेवढेच लागतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा.

बहुतेक गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात: टेललाइटची ५ वॅटची आणि ब्रेकलाइटची २१ वॅटची. ब्रेक दाबल्याचं मागच्याला कळतं ते या फरकामुळेच. टेललाइट मंद झाला की गाडी उशिरा दिसते. ब्रेकलाइट मंद झाला तर ती थांबतेय हेच कळत नाही. दुसरा प्रकार जास्त घातक.

दोष बल्बचाच असतो असं नाही, आणि गल्लत इथेच होते. दिव्याचा परतीचा प्रवाह गाडीच्या पत्र्यातून जातो. होल्डरपाशी गंज चढला की अर्थिंग कच्चं होतं आणि व्होल्टेज वाटेतच गळतं. व्होल्टेज १० टक्के घटलं, तर साध्या बल्बचा उजेड जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतो. ६ व्होल्टच्या जुन्या गाड्यांत हा त्रास अधिक, कारण तेवढ्याच वॅटसाठी दुप्पट प्रवाह लागतो. भरीला काळवंडलेला परावर्तक आणि विटलेली लाल काच.

तपासायचं कसं? दिवा चालू ठेवून होल्डरच्या पत्र्यापासून थेट बॅटरीच्या अर्थच्या टोकापर्यंत जाड वायर जोडून बघावी. उजेड वाढला तर अर्थिंग साफ करावं, बल्ब बदलण्यात पैसे घालू नयेत.

एलईडी बसवणं सोपं वाटतं, पण लाल काचेमागे पांढरा एलईडी फिका पडतो. तिथे लालच हवा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक पत्र्याला जोडलेलं असतं, तिथे साधा एलईडी पेटतच नाही. इंडिकेटरला एलईडी लावला तर जुना फ्लॅशरही बदलावा लागतो.

२०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. त्या रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत; प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं एवढ्यापुरती मुभा आहे. रॅलीहून परतताना मात्र अंधार पडतोच. मूळ रूप न बिघडवता काढता येणारा लाल रिफ्लेक्टर बंपरखाली लावता येतो. त्याला वीज लागत नाही आणि मागच्या गाडीच्या हेडलाइटमध्ये तो लांबून चमकतो.