एक-तृतीयांश सारांश

परवा नात लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसली. आजीच्या पंच्याहत्तरीची फिल्म तिने स्वतःच जोडली आहे. सगळं झालं आणि शेवटच्या पायरीवर गाडी अडली. "आबा, क्वालिटी कोणती ठेवू? हाय ठेवली तर फाइल केवढी होतेय बघा!"

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. यातलं मला काय कळणार, असं घरात सगळ्यांना वाटतं (आणि ते फारसं चूक नाही). पण या वेळी मी चटकन विचारलं, "कॅमेऱ्यातलं मूळ शूटिंग ठेवलंयस ना?" त्यामागे एक जुनी गोष्ट आहे.

२००३ मध्ये आमच्या बाबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. शूटिंग मिनी डीव्ही टेपवर केलं होतं. तेव्हा घरोघरी व्हीसीडी प्लेअर, म्हणून सीडी काढून नातेवाइकांत वाटल्या. टेप मागून घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. शूटिंगवाल्याने पुढच्या एका लग्नात तीच वापरली. त्याला तरी काय बोलणार? टेप महाग होती आणि आमच्या हातात सीडी आली होती.

बाबा २००९ मध्ये गेले. त्यानंतर मी ती सीडी पहिल्यांदा थांबवून थांबवून पाहिली. आत्या ८१ दिव्यांचं ताट घेऊन ओवाळतेय. ताट हललं की बाबांच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन होतात. हे चौकोन येतात कुठून, हे मी बरेच दिवस शोधत होतो. शोधता शोधता पोचलो थेट बंगळूरच्या एका माणसापाशी!

नासिर अहमद यांचा जन्म १९४० सालचा, बंगळूरचा. शिकून अमेरिकेत प्राध्यापक झाले. चित्रातली माहिती थोडक्यात कशी मांडावी, याची एक गणिती युक्ती त्यांना सुचली. १९७२ मध्ये त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे त्यासाठी पैसे मागितले. कल्पना फारच साधी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा पडला आणि अर्ज नामंजूर झाला. पण अहमद यांनी काम सोडलं नाही. विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये जेमतेम चार पानांचा निबंध छापला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म ती हीच. पुढे १९९२ चं जेपेग, १९९३ चं एमपेग-१ आणि त्यावर चालणारी व्हीसीडी, मग डीव्हीडी, सगळी याच युक्तीवर उभी राहिली. २००३ च्या एच.२६४ मध्येही तिचंच सोपं केलेलं रूप आहे.

युक्ती मला समजली ती मास्तरकीमुळे. आम्ही मुलांना उताऱ्याचा एक-तृतीयांश सारांश लिहायला लावायचो. मुख्य मुद्दा ठेवायचा, विशेषणं गाळायची. इथेही चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. सावकाश बदलणारी छटा ठेवतात, कारण डोळा तीच आधी टिपतो. बारीक रेघा, पोत, केसांच्या बटा यांना कात्री लागते. क्वालिटी निवडायची म्हणजे ही कात्री किती चालवायची ते ठरवायचं. ती फार चालली की शेजारचे चौकोन एकमेकांशी जुळत नाहीत आणि डोळ्याला दिसू लागतात.

आता हिशोब पाहा. मिनी डीव्हीवर चित्रासाठी सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट. व्हीसीडीवर फक्त १.१५. म्हणजे जवळजवळ बाविसावा हिस्सा! ठिपकेही ७२० बाय ५७६ चे ३५२ बाय २८८ झालेले. टेपही तशी सारांशच होती, पण उदार हाताने लिहिलेला. सीडी म्हणजे त्या सारांशाचा सारांश. त्यात हलत्या ज्योती, अंधारी खोली... अशा ठिकाणी एवढ्याशा जागेत काय मावणार?

मध्यंतरी भाच्याने हौसेने ती सीडी "हाय" वर ठेवून पुन्हा काढून दिली. फाइल फुगली. चौकोन तसेच राहिले. सारांशावरून मूळ उतारा कधी लिहिता आला आहे का?

असो. नातीच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वालिटीसाठी ० ते ५१ असा आकडा होता. जितका कमी तितकी प्रत चांगली. (अशी उलटी गुणपत्रिका आमच्या वेळी असती तर मी गणितात पहिला आलो असतो!) आम्ही दोन प्रती काढल्या. घरी ठेवायची १८ वर, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची २८ वर. लहान प्रत काढण्यात काहीच गैर नाही. दूरच्या माणसांपर्यंत तीच तर पोचते. पण कॅमेऱ्यातलं मूळ शूटिंग दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायला लावलं. तिने थोडी कुरकूर केली, पण ठेवलं.

मग मी तिला ती जुनी सीडी लावून दाखवली. आत्याच्या ताटातले दिवे मोजायला मी पूर्वीही एकदा बसलो होतो. परवा आम्ही दोघांनी मिळून मोजले. सत्तावीसपर्यंत गेलो. पुढे ज्योत कुठली आणि चौकोन कुठला, ते काही कळेना.