साक्षरतेचें मोजमाप

लोकशिक्षणाचा एखादा उपक्रम सरला म्हणजे त्याचा हिशेब मांडण्याची वेळ येते. वर्ग किती चालले, शिकणारे किती होते आणि त्यांतून उत्तीर्ण किती झाले, हे आंकडे लिहिले कीं काम आटोपलें, असा सर्वसाधारण समज आहे. आपल्या सातारा जिल्ह्यांत 1959 सालीं ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हां अवघें गांव साक्षर झालें म्हणजे तेथें गौरवसमारंभ होत असे. समारंभ योग्यच, परंतु उपक्रमाची खरी परीक्षा समारंभाच्या दुसऱ्या दिवशीं सुरू होते, असें आम्हांस वाटतें. या म्हणण्यास तेलुगु मुलखांतील नेल्लोर जिल्ह्याचा इतिहास चांगला आधार देतो.

1988 सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन केलें. मिनिटास 30 शब्द मोठ्यानें वाचतां येणें आणि 100 पर्यंतचे आंकडे लिहितां येणें, अशा त्याच्या कसोट्या होत्या. पुढें दोनतीन वर्षांतच नेल्लोरच्या खेड्यांतून वर्ग भरूं लागले. शिकणाऱ्यांत मजुरी करणाऱ्या स्त्रियांचा भरणा मोठा होता. त्या काळीं तेथें 'सारा' नांवाची स्वस्त दारू प्लास्टिकच्या पिशव्यांतून दारापर्यंत पोंचत असे. नवऱ्याची मजुरी गुत्त्यांत जाई आणि बायकोच्या वांट्यास उपास व मार येई. अशा स्त्रियांच्या हातीं पडलेल्या वाचनपुस्तकांत सीतम्मेची गोष्ट होती. गांवच्या बायकांनीं एकजुटीनें गुत्ता बंद पाडल्याची ती कथा. दुबगुंटा गांवच्या स्त्रियांनीं तसेंच करून दाखविलें. हें लोण जिल्हाभर पसरलें. 1992 सालीं त्यांनीं दारूचे लिलाव अडविले. 1 ऑक्टोबर 1993 पासून आंध्र प्रदेशांत सारा-विक्रीस बंदी झाली आणि 1995 च्या जानेवारींत संपूर्ण दारूबंदी आली.

आतां प्रश्न असा कीं, हें फळ कोणत्या रकान्यांत लिहावयाचें? लिलाव अडविणाऱ्या स्त्रीस मिनिटाला 30 शब्द वाचतां येत नसतील, तर परीक्षकाच्या वहींत ती अनुत्तीर्णच. तथापि वर्गानें तिला अक्षरांखेरीज आणखी कांहीं दिलें होतें. रोज घराबाहेर पडून चौघींत बसण्यास एक प्रतिष्ठित निमित्त मिळालें, आणि घरोघरचें दुःख हें एकटीचें प्राक्तन नव्हे, हें बोलतां बोलतां उमगलें.

येथें सावधगिरीही पाहिजे. सारें श्रेय वर्गास देणें इतिहासास धरून होणार नाहीं. साक्षरतेचे वर्ग देशांतील इतर अनेक जिल्ह्यांत चालले, पण सर्वत्र असा उठाव झाला नाहीं. नेल्लोरांत दारूचा जाच आधींच असह्य झाला होता. वर्गानें त्या असंतोषास एकत्र बसण्याची जागा दिली, इतकेंच म्हणणें न्याय्य होय. शिवाय 1997 सालीं सरकारनें दारूबंदी सैल केली, हेंही विसरतां येत नाहीं. विजय टिकला नाहीं म्हणून शिक्षण व्यर्थ गेलें, असें मात्र कोणीं म्हणूं नये. तिजोरीच्या गरजेपुढें जें हरलें, तें अज्ञानापुढें हरलें असें ठरत नाहीं.

म्हणून अशा उपक्रमांचा हिशेब दोन रकान्यांत आणि कांहीं वर्षांनीं पुन्हां मांडावा, असें आमचें मत आहे. एका रकान्यांत वाचन टिकलें किती, हें लिहावें. कारण सरावावांचून अक्षर पुसलें जातें, आणि ज्याचें अक्षर पुसलें त्याचा अंगठा पुन्हां सावकाराच्या कागदावर उमटतो. दुसऱ्यांत, शिकलेल्यांनीं मिळून काय केलें, हें लिहावें. पहिला रकाना कोरा ठेवणें ही शिकणाऱ्यांची फसवणूक होय. दुसरा कोरा ठेवला, तर नेल्लोरच्या त्या स्त्रिया कोणत्याच वहींत सांपडणार नाहींत.