कुणालाच नको असलेली पिंपं

२०२१ साली ‘पॅपी व्हॅन विंकल’ या केंटकीच्या बर्बनची तेवीस वर्षं मुरलेली बाटली कंपनीच्या हिशेबाने ३०० डॉलरची होती. त्या किमतीला ती मिळाली तर लॉटरी लागली म्हणायचं, आणि पेनसिल्वेनियासारख्या राज्यात तर ते अक्षरशः खरं, कारण तिथे दारूची दुकानं सरकारी आहेत आणि सरकारच या बाटल्यांची सोडत काढतं. ज्यांचा नंबर लागत नाही ते हीच बाटली काही हजार डॉलर मोजून घेतात. चोरून नव्हे, फसून नव्हे. मूळ किंमत पाठ असताना, खुशीने.

आपल्याकडच्या वाचकाला इथे पहिली ठेच लागते. वाइन शॉपवाल्याने एमआरपीच्या वर दहा रुपये मागितले तर आपण हुज्जत घालतो, आणि कायदा आपल्या बाजूने असतो. अमेरिकेत बाटलीवर किंमत छापलेलीच नसते. बनवणारा फक्त एक आकडा सुचवतो. तो दुकानदार पाळतो, पाळत नाही, किंवा बाटली काउंटरवर ठेवतच नाही. सिनेमाच्या तिकिटाच्या ब्लॅकसारखा हा प्रकार वाटेल, पण ब्लॅकवाला निदान थिएटरच्या बाहेर उभा असायचा. इथे तो पुष्कळदा गल्ल्यावर बसलेला असतो.

ही जादा पैसे मोजण्याची रीत फार जुनी नाही. आणि तिचं मूळ टंचाईत नाही, न खपलेल्या मालात आहे.

आधी थोडं वस्तूबद्दल. बर्बन म्हणजे निदान ५१ टक्के मका असलेल्या धान्यापासून काढलेली आणि आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून ती खास आपल्या देशाची म्हणून जाहीर केली. पिंप कोरं असल्याने लाकूड आपला रंग आणि चव भराभर सोडतं, आणि केंटकीचे उन्हाळे कडक. म्हणून स्कॉटलंडमध्ये जे वीस वर्षांत होतं ते इथे आठ-दहा वर्षांत उरकतं. त्यापुढे ठेवली तर लाकूडच प्यायल्यासारखं लागतं, असं जुने कारागीर मानत. शिवाय पिंपातून दरवर्षी माल उडून जातो तो वेगळाच. वर्षाला ४ टक्के धरले तरी तेविसाव्या वर्षी भरलेल्यातलं ३९ टक्केच उरतं. वीस वर्षांची बर्बन कुणी ठरवून बनवत नसे. ती झालीच तर विसरून राहिलेली असायची.

बाटली ही जपून ठेवायची वस्तू झाली तीही उशिरा. एकोणिसाव्या शतकात गिऱ्हाईक आपला जग घेऊन जायचं आणि दुकानदार पिंपातून भरून द्यायचा. मधल्या मध्ये त्यात पाणी, रंग आणि वाटेल ते पडायचं. १८७० मध्ये लुईव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राउनने ‘ओल्ड फॉरेस्टर’ फक्त सीलबंद बाटलीतच विकायला काढली. १८९७ च्या ‘बॉटल्ड-इन-बाँड’ कायद्याने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं: एका डिस्टिलरीची, एका हंगामाची, सरकारी देखरेखीच्या गोदामात निदान चार वर्षं ठेवलेली, ५० टक्के अल्कोहोलची व्हिस्की असेल तरच तो शिक्का. बुचावरून चिकटवलेली हिरवी सरकारी पट्टी म्हणजे आतल्या मालाची हमी. पुढे शंभर वर्षांनी जुन्या बाटल्या हुडकणारे लोक हीच पट्टी बघून बाटलीचं वय ओळखू लागले, ते त्या कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

१९२० ला दारूबंदी आली. विकायला बंदी होती, घरात आधीच भरून ठेवलेली प्यायला नव्हती. म्हणजे ज्यांची तळघरं मोठी त्यांची सोय झाली. बाकीच्यांसाठी औषधी व्हिस्की होती. डॉक्टरने चिठ्ठी द्यायची, दहा दिवसांतून एक पाइंट औषधाच्या दुकानातून आणायचा. महाराष्ट्रात हे हसण्यावारी नेता येणार नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली प्रकृतीच्या कारणासाठी परवाने काढून पिणारी एक अख्खी पिढी आपल्याकडेही होऊन गेली, आणि पिण्याचा परवाना कागदोपत्री आजही लागतो. अमेरिकेत ही औषधी व्हिस्की विकायचे परवाने अगदी मोजक्या कंपन्यांकडे होते. लुईव्हिलची स्टिट्झेल त्यांपैकी एक.

१९३३ ला बंदी उठली, पण जुन्या गुत्त्यांची धास्ती राहिली. तेव्हा दारू बनवणाऱ्या कंपन्याच पुष्कळ गुत्ते चालवत, उधारीवर पाजत, माणसं बुडवत. तसं पुन्हा होऊ नये म्हणून व्यवस्थेचे तीन मजले केले: बनवणारा वेगळा, घाऊक वितरक वेगळा, दुकानदार वेगळा. सतरा राज्यांनी तर घाऊक व्यापार स्वतःच्याच हातात ठेवला. हेतू चांगला होता. पण त्यामुळे बनवणाऱ्याचा बाटलीच्या शेवटच्या किमतीवरचा ताबा कायमचा सुटला. ही फट चाळीस-पन्नास वर्षं कुणाला दिसली नाही, कारण दुकानात बर्बनचे ढीग पडलेले असताना किंमत वाढवणार कोण?

आता पॅपी. ज्युलियन प्रॉक्टर व्हॅन विंकल यांचा जन्म १८७४ चा. १८९३ मध्ये ते डब्ल्यू. एल. वेलर या लुईव्हिलच्या पेढीवर फिरते विक्रेते म्हणून लागले आणि पुढे तिचे मालक झाले. १९३५ च्या मे महिन्यात, केंटकी डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, लुईव्हिलजवळच्या शाइव्हलीत त्यांनी स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी उघडली. मक्याच्या जोडीला बहुतेक जण राय घालत, इथे गहू घालत. त्यामुळे तिखटपणा कमी आणि गोडवा जास्त. पॅपी म्हणजे घरातले आबा. तोंडात सिगार, डोळ्यांवर चष्मा, असा त्यांचा फोटो आज लेबलावर आहे. १९६५ ला ते गेले. लेबलावर यायला त्यांना अजून बरीच वर्षं लागायची होती.

कारण त्यानंतर बर्बनचे दिवस फिरले. व्हिएतनामच्या काळातल्या तरुणांना बापाचं पेय नको होतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यात वोडकाने व्हिस्कीला मागे टाकलं. व्हिस्कीचं उत्पादन असं चटकन थांबवता येत नाही. आज भरलेलं पिंप विकायला काढायचं ते सहा-आठ वर्षांनी, तेव्हाची चव कशी असेल ते आजच ओळखायचं. साठच्या दशकात भरभरून गाळलेला माल गोदामांत तुंबला. १९७२ मध्ये व्हॅन विंकल कुटुंबाला डिस्टिलरी विकावी लागली. पॅपींच्या मुलाने, धाकट्या ज्युलियनने, ‘ओल्ड रिप व्हॅन विंकल’ हे एक जुनं लेबल तेवढं हातात राखलं. वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या गोष्टीतला रिप डोंगरात वीस वर्षं झोपतो, हा निव्वळ योगायोग. पण पुढे वीस वर्षांची व्हिस्की खपवताना तो पथ्यावर पडला.

त्या मंदीत बर्बन खपवायला काय काय केलं गेलं! पोर्सेलिनची सुरई हा त्यातला मोठा उद्योग. जिम बीमने पन्नासच्या दशकात नक्षीदार सुरया काढल्या होत्या: पक्षी, मोटारी, हत्ती, गाढवं. त्यांच्या संग्राहकांचे क्लब झाले. लोक रांगा लावून, जास्त पैसे देऊन सुरया घेत, आणि आतली व्हिस्की ही केवळ सोबत आलेली असे. व्हॅन विंकलही सुरया विकून तगून राहिले. पुढे त्या सुरयांचे भाव असे कोसळले की आज त्या घराघरांच्या माळ्यावर धूळ खात असतात. जादा पैसे मोजण्याचा पहिला मान असा भांड्याला मिळाला, पेयाला नाही.

पेयाला तो मिळवून दिला जपान्यांनी. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कुणी विचारत नव्हतं त्या जास्त वयाच्या बर्बनला जपानी आयातदार चांगले पैसे देत होते. १९८४ मध्ये एल्मर टी. ली या मुरलेल्या डिस्टिलरने केंटकीतल्या फ्रँकफर्टला एकेका निवडक पिंपातली ‘ब्लँटन्स’ काढली, तेव्हाही नजर जपानवर होती. १९९२ पासून त्या ब्रँडची मालकीच ताकारा शुझो या जपानी कंपनीकडे आहे. तिच्या बुचावर घोडा आणि स्वार असतात. धावण्याच्या आठ मुद्रा, प्रत्येकीवर नावातलं एक अक्षर. नावात एन दोनदा येतो म्हणून दुसऱ्या एनपुढे दोन टिंबं घातली आहेत, आणि त्या टिंबांच्या एनसाठी एकेका बुचाची देवघेव करणारी शहाणीसुरती माणसं आहेत.

पण उत्तम गोष्ट हिर्शची. १९७४ च्या वसंतात पेनसिल्वेनियातल्या शेफर्सटाउनला ॲडॉल्फ हिर्श या व्यावसायिकाने सुमारे ४०० पिंपं बर्बन गाळून घेतली. कशासाठी, ते पुढे त्यांनाही महत्त्वाचं राहिलं नाही. माल गोदामात पडून राहिला. १९९० मध्ये डिस्टिलरीला टाळं लागलं. पुढे ती व्हिस्की बाटल्यांत भरली गेली, आणि सोळा वर्षांची झाल्यावर अजून लाकूड पिऊ नये म्हणून उरलेली स्टीलच्या टाक्यांत काढून ठेवली. शंभर डॉलरच्या आत मिळणारी ती बाटली कित्येक वर्षं दुकानांच्या फळीवर होती, कुणी ढुंकून बघत नव्हतं. ती संपत आल्यावर तिची कीर्ती झाली.

सुरुवातीला ती बाटल्यांत भरणारा माणूस होता ज्युलियन व्हॅन विंकल तिसरा, पॅपींचा नातू. १९८१ मध्ये वडील गेल्यावर धंदा त्याच्याकडे आला. लॉरेन्सबर्गला एक छोटा बाटलीभरणी कारखाना, गाळायची भट्टी नाही. तो इतरांची, पुष्कळदा आजोबांच्याच जुन्या डिस्टिलरीतली, नकोशी झालेली म्हातारी पिंपं स्वस्तात उचलायचा. नव्वदच्या दशकात त्यांतली वीस वर्षांची व्हिस्की त्याने आजोबांच्या नावाने काढली. शिकागोच्या बेव्हरेज टेस्टिंग इन्स्टिट्यूटने तिला १०० पैकी ९९ गुण दिले. मग शेफ मंडळींनी नाव घेतलं, मासिकांनी छापलं, आणि २००२ मध्ये ज्युलियनने बफेलो ट्रेस डिस्टिलरीशी भागीदारी केली.

इथे एक साधा हिशेब करून बघण्यासारखा आहे. स्टिट्झेल-वेलरची भट्टी १९९२ मध्ये थंडावली. म्हणजे तिथलं वीस वर्षांचं शेवटचं पिंप तयार झालं २०१२ ला. आणि पॅपीचं खरं वेड लागलं ते साधारण त्याच सुमाराला. ज्या व्हिस्कीने नाव कमावलं ती संपत होती, आणि नावाची किंमत चढत होती. आज भाव देणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ती मूळची चव घेतलेलीच नाही. व्हिस्की वाईट आहे असं नाही. पण पाच हजार डॉलरमधले व्हिस्कीचे किती, हा प्रश्न विचारायचा नसतो.

जुन्या मालाच्या मागे लागलेले लोक मग गावोगावची कळकट दारूची दुकानं पालथी घालू लागले. १९८५ ला बंद झालेली सरकारी पट्टी आणि बारकोडमधले ८८५०८ हे स्टिट्झेल-वेलरचे आकडे त्यांना तोंडपाठ. विक्री इंटरनेटवर. परवान्याशिवाय दारू विकणं बेकायदा, म्हणून ईबेवर पळवाट अशी होती की विक्री ‘संग्रहणीय भांड्या’ची, आतला ऐवज जमेत धरू नये. सुरयांचा काळ फिरून आला म्हणायचा, फक्त या वेळी भांड्याचं निमित्त होतं. २०१२ मध्ये ईबेने ते दार लावलं, लोक फेसबुकवर गेले. २०१९ मध्ये तिथले गट बंद झाले, लोक आणखी आडबाजूला गेले. केंटकीने मात्र २०१८ पासून परवानाधारक दुकानांना घरांतल्या जुन्या बाटल्या विकत घ्यायची कायदेशीर मुभा दिली.

पैसा आला तशी चोरी आली. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये बफेलो ट्रेसमधून वीस वर्षांच्या पॅपीच्या सुमारे दोनशे बाटल्या नाहीशा झाल्याचं कळलं. २०१५ मध्ये नऊ जणांवर आरोप ठेवले गेले, आणि उघड झालं की माल वर्षानुवर्षं दोन डिस्टिलरींतून आतल्याच कामगारांकरवी जात होता, अख्ख्या पिंपांसकट. रिकाम्या बाटल्या भरून पुन्हा सील करणारेही निघाले. म्हणून जाणते लोक प्यायल्यावर बाटली फोडतात. २०२३ मध्ये ओरेगनच्या दारू खात्यातले वरिष्ठ अधिकारी दुर्मीळ बाटल्या आपल्यासाठी वळवून घेतात हे बाहेर आलं आणि खात्याच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. गंमत अशी की या मंडळींनी पैसे पूर्ण भरले होते, सुचवलेल्या किमतीने. तेवढ्या पैशात ती बाटली मिळणं हाच लाभ होता.

मग कंपनीच किंमत का वाढवत नाही? व्हॅन विंकल कुटुंब आणि बफेलो ट्रेस दुकानदारांना जाहीर विनंत्या करतात की भाव वाढवू नका. त्यांच्या सद्भावनेवर शंका घ्यायचं कारण नाही, पण मला यात धंद्याचं पक्कं गणितही दिसतं. तीनशेची बाटली तीन हजारांना जाते ही बातमी फुकट छापून येते. त्या बातमीवर त्याच भट्टीतली, तशाच गव्हाची, खालच्या दर्जाची ‘वेलर’ बाटली खपते, आणि हळूहळू तीही फळीवरून गायब होते. जाहिरातीवर इतके पैसे कुणी खर्च करू शकलं नसतं.

भाव मात्र आता उतरू लागले आहेत. महासाथीच्या काळात चढलेला ज्वर ओसरला, आणि जमाखर्चाची दुसरी बाजू दिसू लागली. २०२५ मध्ये केंटकीच्या गोदामांत १ कोटी ६१ लाख पिंपं मुरत होती, तोवरची सर्वाधिक. मुरणाऱ्या पिंपांवर केंटकी दरसाल कर घेतं; २०२३ च्या कायद्याने तो २०२६ पासून हळूहळू कमी होत २०४३ ला संपेल. जिम बीमने क्लेरमाँटच्या आपल्या मुख्य डिस्टिलरीत २०२६ भर गाळणं थांबवायचं ठरवलं. पिंपं भरून ठेवलेले छोटे व्यापारी आज ती मिळेल त्या भावाला विकायला काढत आहेत, आणि १९८१ मध्ये नातवाने केलं तसं ती उचलणारं कुणीतरी केंटकीत आत्ता फिरत असणार.