बंधारा पाटासाठी, वस्तीला पाखरं



परवा पोराला घेऊन चापडगावच्या मनोऱ्यावर पक्षी बघायला गेलो. दुर्बिणीतून चक्रवाक, वारकरी, तलवार बदकं बघून झाली आणि त्याने विचारलं, "पप्पा, एवढं तळं कोणी केलं?" म्हटलं, तळं कोणी केलंच नाही. केला तो बंधारा.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने दारणा धरण आणि नांदूर मधमेश्वरचा बंधारा बांधला. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे पाणी अडवून डावा-उजवा कालवा काढला, कोपरगाव-राहात्याकडची शेती भिजवायला. पाखरांचा विचार त्यात कुठेच नव्हता.

पण अडलेलं पाणी संथ झालं की गाळ खाली बसतो. शंभर वर्षं तो बसत गेला. बेटं तयार झाली, पाणी उथळ झालं, लव्हाळं आणि पाणगवत माजलं. बदकांना नि लांब पायांच्या पाखरांना असंच उथळ पाणी लागतं. डॉ. सलीम अलींनी याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. १९८६ ला अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नाव जाहीर झालं.

आता खरी गोम. तोच गाळ पाटबंधाऱ्याच्या हिशोबात तोटा, पाखरांना घर, आणि वरच्या सायखेडा-चांदोरीकरांना पुराची धास्ती. २०१९ च्या ऑगस्टात ती गावं पाण्यात होती, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. सगळा गाळ काढा म्हटलं तर पाखरांचं घर मोडतं, अजिबात काढू नका म्हटलं तर माणसांचं. कुठला काढायचा नि कुठला ठेवायचा, हे गावांना सोबत घेऊनच ठरवावं लागेल.

आणि आपण एकलहरेकर यात कुठे? आपल्या बंधाऱ्यावरून सुटलेलं गंगेचं पाणी खाली तिकडेच जातं. शहराचं सांडपाणी त्यात आहे, तसं आपलं खतही आहे. त्यावरच पाणवेली पोसतात, पाणी झाकून टाकतात, खाली प्राणवायू कमी होऊन मासे मरतात. मागच्या पावसाळ्यात उसाला युरिया टाकला आणि रात्रीच धो-धो कोसळला. पैसे गेलेच, युरिया पण गंगेला गेला. चूक माझीच, आभाळ बघितलं नव्हतं.

यंदा दोन गोष्टी ठरवल्यात. युरिया एकदम न टाकता हप्त्या-हप्त्याने, पाऊस बघून. आणि नदीकाठचा दहा फुटांचा पट्टा नांगरायचा नाही, गवताला सोडायचा. माती अडेल, जनावरांना चारा होईल.

कृषीवाले मित्र वाचत असतील तर सांगा, आपल्या काळ्या मातीत काठाला कोणतं गवत लावू?